प्रभाकरभाऊ आणि काळी पाटी

प्रभाकर बडगुजर वारले तेव्हा धुळ्याच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचा फोटो लावायचं ठरलं. फोटो काही सापडेना. तीस वर्षं माणूस तिथं येत-जात होता आणि एकाही फोटोत नव्हता. शेवटी एक निघाला, त्यात पहिल्या कॉम्प्युटरची पूजा आहे. ट्रस्टी आहेत, डॉक्टर आहेत, नारळ आहे. टेबलामागे वायर धरून वाकलेली एक पाठ दिसते. ती त्यांची.

त्यांचा प्रोग्रॅम आता जळगावच्या मनीषाताई बघतात. इंजिनियर आहेत. त्या म्हणाल्या, "अक्का, फोटो नाही तर तुम्ही चार पानं लिहून द्या."

मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली बाई. आणि गोड लिहिणं मला जमत नाही."

"गोड बोलणारे शोकसभेत बोलून गेले," त्या म्हणाल्या.

म्हणून लिहिते.

मी त्या दवाखान्यात आया म्हणून लागले. पट्ट्या उकळायच्या, चादरी धुवायच्या, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून न्यायचं-आणायचं. कार्डाच्या खिडकीवरचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, इंदूला बसवा, तिला गावं आणि माणसं पाठ आहेत. पेशंटला पिवळं कार्ड द्यायचं, त्यावर नंबर घालायचा, पुढच्या वेळी तो नंबर बघून त्याचा जुना कागद शोधायचा, एवढं काम. कागदांचे गठ्ठे छताला लागले तेव्हा ट्रस्टनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि जळगावहून प्रभाकरभाऊ आले.

एसटीनं आले. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून खिडकीच्या सीटवर बसवलेला, आणि हे स्वतः जळगाव ते धुळे त्याला धरून उभे. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "काय भाऊ, नवरी शे का?" तर म्हणाले, "हा. सासरले पोचाडाले चालनू." हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि सांगताना हसले नाहीत. उंच, वाळका माणूस. एका खिशात खारे शेंगदाणे, दुसऱ्यात दोन पेनं. एक शाईचं, दुसरं रिकामं. बोटं खारट असायची म्हणून रिकाम्या पेनानं ते कॉम्प्युटरची बटणं दाबत.

मला वाटलं आता हे मला तासभर शिकवणार आणि मला काही येणार नाही. त्यांनी शिकवलंच नाही. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही काम करा. मी बघतो."

तीन दिवस बसले. मी एका बोटानं बटण शोधत असे. बोट जिथं अडलं तिथं ते वहीत टिंब काढत. मला राग यायचा. म्हटलं, "माझ्या चुका मोजताय का?" तर म्हणाले, "माझ्या मोजतोय."

त्यानंतर जळगावला गेले आणि प्रोग्रॅम बदलून आणला. सगळा स्क्रीन काळा, त्यावर पांढरी मराठी अक्षरं, प्रत्येक ओळीपुढे आकडा. एक दाबा, नवा पेशंट. दोन दाबा, जुना पेशंट. तीन उजवा डोळा, चार डावा. इंग्रजी अक्षर औषधाला नाही. मी म्हटलं, "ही तर शाळेतली पाटी झाली." तेव्हापासून सगळ्या दवाखान्यात तिचं नाव काळी पाटी.

माझ्या लग्नातली चोळीसुद्धा जावेच्या मापाची होती. माझ्या मापाचं कोणी काही केलं असेल तर ती पाटी. हे मी त्यांना कधी बोलले नाही.

पुढे रंगीत स्क्रीन आले, माउस आला. पिवळी कार्डं जाऊन पांढरी आली. साक्री, चोपडा, भुसावळ, एरंडोल अशी केंद्रं निघाली. प्रोग्रॅम दर वेळी नवा झाला, पण जुनं सांभाळून. पिवळं कार्ड आणलं तरी चाललं पाहिजे, साक्रीला जुना प्रिंटर आहे तर त्याच्यासाठी निराळी सोय, माझ्यासाठी काळी पाटी. मनीषाताई सांगतात, नवं घर बांधावं आणि जुन्या घराची सगळी दारं जागच्या जागी ठेवावीत तसा तो प्रोग्रॅम होता. एक भिंत हलवायची तर आधी सगळी दारं उघडतात ना ते बघायचं.

ट्रस्टी कुरकुर करायचे, "बडगुजर, ते जुनं काढून टाका ना आता."

त्यांचं उत्तर ठरलेलं. "काढू. पण कोण अडेल?"

हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की व्हरांड्यातला पाण्याचा माठ हलवायचा म्हटलं तरी ते विचारत, "कोण अडेल?" वॉर्डबॉय लोकांनी ते उचललं. मेट्रनबाई रजेवर जाणार असं कळलं की एक जण हळूच म्हणे, "कोण अडेल?" आणि सगळे एका सुरात, "कोणी नाही!"

ते एकदा चुकले. त्यांनी सगळ्या केंद्रांना फोन केले की पिवळं कार्ड घेऊन अजून कोणी येतं का. सगळे म्हणाले, नाही. त्यांनी पिवळ्या कार्डांची सोय काढून टाकली. पंधरा दिवसांत साक्रीकडची एक म्हातारी आली. पदराच्या गाठीतून पिवळं कार्ड सोडलं. मी नंबर टाकला. पाटीवर आलं, असा पेशंट नाही. मी तेच तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "नही कशी? मना एक डोया आठेच कया ना तुम्हीन. बठ्ठं इसरी गयात का?"

सगळं कसं विसरलात, असं तिचं म्हणणं. एक डोळा आमच्याकडे झालेला, दुसरा करून घ्यायला आली होती. पहिल्याचं सगळं त्या कागदात, आणि कागद निघेना. ती पायरीवर जाऊन बसली. येईल त्याला सांगायची, "मी आठे उनी होती," मी इथं आले होते. कोणी ऐकून घेत होतं, कोणी ओलांडून जात होतं.

मी भाऊंना फोन केला. मिळेल त्या एसटीनं आले. कॉम्प्युटरकडे गेलेच नाहीत. आधी तिच्या शेजारी पायरीवर बसले, तिला शेंगदाणे दिले आणि म्हणाले, "माय, तू उनी होती. मीच ते पुसी टाकं. चूक मनी शे." मग आत येऊन पिवळी कार्डं परत जोडली. संध्याकाळी तिचा कागद निघाला, दुसऱ्या दिवशी तिचा डोळा झाला.

तेव्हापासून त्यांचा फोनवरचा विश्वास उडाला. काही काढायचं असलं की त्या केंद्रात एसटीनं जायचं, स्टूल ओढायचं, दिवसभर बसायचं, बशीतून चहा प्यायचा आणि बघायचं. खरंच कोणी वापरत नाही अशी खात्री झाली की तिथंच वहीतली त्या सोयीची ओळ खोडायची. मग जळगावला जाऊन प्रोग्रॅममधून काढायची. वहीत खोडल्याशिवाय त्यांनी पुढे काही काढलं नाही.

भुसावळला एका जुन्या यादीसाठी चार खेपा घातल्या. ती यादी कोणी वाचताना दिसेना, पण रोज छापली जायची. चौथ्या खेपेला कळलं की तिथला शिपाई ती छापून खिडकीच्या काचेला चिकटवतो, कारण टेबलावर ऊन येतं. भाऊ म्हणाले, "म्हणजे अडलं तर ऊन अडतं." बाजारात जाऊन खिडकीला कापड आणून दिलं आणि मगच यादीची ओळ खोडली.

एका माझ्याच फोनवर ते विश्वास ठेवायचे. म्हणायचे, "अक्कांना विचारलं म्हणजे झालं. त्या तोंडावर बोलतात."

तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात वावरले, पण स्वतःचे डोळे कधी दाखवले नाहीत. आम्ही म्हणायचो, "भाऊ, पाच मिनिटं बसा, बघून घ्या." "मला काय झालंय, मला दिसतंय." समोरचं दिसतच होतं. एके दिवशी व्हरांड्यातल्या त्याच माठाला धडकले. तीस वर्षं एका जागेवरचा माठ. डॉक्टरांनी दंडाला धरून मशीनपुढे बसवलं. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं सगळं गेलेलं, मधलं तेवढं राहिलेलं, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही आणि राहिलेलं किती दिवस ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि डोक्यावर हात फिरवून विचारलं, "माठ फुटला का?"

त्याच सुमाराला नवे ट्रस्टी आले होते. त्यांचं म्हणणं, हा प्रोग्रॅम एका बडगुजरांशिवाय कोणाला कळत नाही आणि बडगुजरांचे डोळे चालले. तर हा सगळाच फेकू आणि पुण्याहून तयार घेऊ. भाऊंनी एक वर्ष मागून घेतलं. म्हणाले, "जुनं सगळं काढतो, साफ करून मनीषाताईंच्या हातात देतो. मग काय ते ठरवा." वहीत जुन्या सोयींच्या सतरा ओळी लिहिल्या. मला फोनवर म्हणाले, "अक्का, सतरा संपल्या की मी कॉम्प्युटर बंद करणार. नाशिकला मुलीला मुलगी झालीय. उरली नजर नातीच्या तोंडावर घालवायची."

मी तोवर एरंडोलला माझ्या घरी राहायला आले होते. तिथल्या केंद्राची किल्ली माझ्याकडे. दर मंगळवारी उघडायचं, झाडायचं आणि काळ्या पाटीवर कार्डं करायची. मग सुनीता सिस्टर आल्या, लॅपटॉप घेऊन. दहा बोटांनी कार्ड करतात. ट्रस्टचा कागद आला की कार्डं सिस्टर करतील, इंदुबाईंनी केंद्र उघडावं. माझा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात राहिला. हे भाऊंना कोणी कळवलं नाही, मीही नाही.

भाऊंनी सतरा ओळी लिहिल्या तेव्हा मला विचारलं, "अक्का, काळी पाटी अजून लागते का?"

मी म्हटलं, "लागते."

"बरं. मग ती सगळ्यांत शेवटी बघू."

मी खोटं बोलले. कारण लिहायचं तर लिहिते. नाही म्हटलं असतं तर पाटी गेली असती आणि त्यांचा फोन यायचा थांबला असता. माझ्याकडे दुसरा कोणाचा फोन येत नव्हता.

आणि अगदीच खोटं होऊ नये म्हणून मी दर मंगळवारी सकाळी तो कॉम्प्युटर लावायची. दिवसाचा पहिला पेशंट माझ्या पाटीवर घ्यायची. एक दाबायचं, नाव, गाव, डोळा. मग तोच माणूस सिस्टरकडे जाई आणि त्या लॅपटॉपवर त्याचं कार्ड पुन्हा करत. सिस्टर काही म्हणत नसत. म्हातारी आहे, करू दे.

सोळा ओळी दिवाळीपर्यंत खोडून झाल्या. त्यासाठी ते साक्रीला गेले, चोपड्याला गेले. आता एकटं जाणं जमत नव्हतं म्हणून बायको बरोबर. राहिली काळी पाटी. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की एरंडोलचा एक पेशंट दर मंगळवारी दोनदा नोंदला जातो. एकच. बाकीचे बरोबर.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. "अक्का, आज काही वेगळं दाबलं का?"

"नाही."

"मग माझंच कुठंतरी चुकतंय. पाटीत दोष राहिलाय. हा दोष नव्या प्रोग्रॅममध्ये पण गेला असला तर? तो सापडल्याशिवाय मनीषाताईंना कसं देऊ?"

पहिल्या फोनला मला कळलं नाही. दुसऱ्या मंगळवारी कळलं. दोष मी होते. तेव्हाच सांगायचं होतं. तेही नाही, नुसता कॉम्प्युटर लावायचं थांबवलं असतं तरी पुरे होतं. पण थांबवलं की दोनदा येणं थांबणार आणि यांना उमगणार. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगू. असे मंगळवार दिवाळीपासून होळीपर्यंत गेले.

त्यांच्या बायकोनं मला पुढे सांगितलं, त्या दिवसांत ते स्क्रीनवरचं अक्षर बोराएवढं करून वाचायचे. एका वेळी तीन शब्द मावायचे. ते वाचून झाले की पुढचे तीन. माझ्यासाठी तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं सगळं त्यांनी असं तीन-तीन शब्दांनी पहिल्यापासून वाचून काढलं, दोष शोधत. नाशिकहून मुलगी म्हणायची, बाबा, या. ते म्हणायचे, हे एवढं सापडलं की येतो.

होळीनंतरच्या मंगळवारी ते न सांगता एरंडोलला आले. मनीषाताईंनी कोपराला धरलं होतं. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाऊंनी दाराशीच विचारलं, "अक्का, स्टूल कुठंय?" मी हात धरून बसवलं. त्यांनी खिशातून वही काढली, शाईचं पेन काढलं. पहिल्या वेळेसारखंच म्हणाले, "तुम्ही काम करा. मी बघतो." बघत होते ते भिंतीकडे.

पहिला पेशंट कासोद्याचा रामदासबाबा. मला अजूनही सांगता आलं असतं. मी मुकाट्यानं एक दाबलं. नाव विचारलं, गाव विचारलं, कोणता डोळा विचारलं. चार दाबलं. बाबा उठून सिस्टरकडे गेला.

"बाबा, नाव सांगा," सिस्टर म्हणाल्या. "गाव? कोणता डोळा?"

बाबा वैतागला. "आत्तेच ते बठ्ठं सांगं ना मी तिले!"

भाऊंचं पेन थांबलं. "कोण विचारतंय हे?"

मग सुनीता सिस्टरच म्हणाल्या, "सर, कार्डं मीच करते. अक्का पहिला पेशंट त्यांच्या पाटीवर घेतात, सवय म्हणून. आम्ही म्हटलं, असू दे."

"किती दिवस?"

"वर्ष होत आलं असेल."

मी वाट बघत होते की हा माणूस आता मला काय बोलतो. काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. ते मनीषाताईंकडे वळले आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. तीस वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता. मनीषा, दोष नव्हताच. बरोबर होता तो."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चहा आला. बशी त्यांच्या हातात दिली. चहा संपवून त्यांनी विचारलं, "अक्का, पाटी काढली तर कोण अडेल?"

"कोणी नाही."

"तुम्ही?"

"मी पण नाही. तीन वर्षं झाली, मी अडत नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं, भाऊ."

त्यांनी बशी बाजूला ठेवली. "विचारायला मीच यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "सगळीकडे गेलो. तुमच्याकडेच आलो नाही."

वही उघडली. पेन पानावर फिरवलं, ओळ सापडेना. दोनदा भलत्याच जागी टेकवलं. मग वही माझ्याकडे दिली. "सतरावी. तुम्ही खोडा." एरंडोल, काळी पाटी, असं लिहिलेलं होतं. अक्षर एवढं वाकडं की पहिलीतल्या मुलाचं असावं. मी ते खोडलं.

मनीषाताईंनी पाटी प्रोग्रॅममधून काढली. त्या जागी भाऊंनी काय लिहून ठेवलं होतं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. लिहिलं होतं, अक्का वापरतात तोवर याला हात लावू नये. ती ओळही गेली. प्रोग्रॅम ट्रस्टनं ठेवला, अजून चालतो. मी मंगळवारी केंद्र उघडते, झाडते आणि बाजूला बसते. कोणी अडत नाही.

त्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. मनीषाताई गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेल्या, तेवढ्यात मी विचारलं, "नातीला बघितलं का?"

"बघितली ना. मागच्या आठवड्यात आणली होती."

"कशी आहे?"

"नाक आजीवर गेलंय." त्यांनी बोट आपल्या नाकावरून खाली आणून दाखवलं. "हातानं बघितली, अक्का. गालाला खळी पडते म्हणतात. ती काही हाताला लागली नाही."

डॉक्टर म्हणतात, स्क्रीनपुढे बसल्यानं काचबिंदू वाढत नाही, नजर तशीही जाणारच होती. असेल. पण होळीपर्यंत होती, आणि ती त्यांनी कशावर घालवली हे मला माहीत आहे.

जळगावची गाडी लागली. त्यांनी पायानं पायरी चाचपली, दांडा धरला, चढले. मनीषाताईंनी त्यांना खिडकीशी बसवलं. मी त्या खिडकीखाली उभी होते, पण मागून रिक्षा आली म्हणून चहाच्या टपरीकडे सरकले. गाडी सुरू झाली. भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मी आधी जिथं होते तिकडे तोंड करून हलवायला लागले. तिथं कोणी नव्हतं.

मी हाक मारली नाही. चालत त्या जागेवर गेले आणि त्यांचा हात दिसेनासा होईपर्यंत तिथं उभी राहिले.